फादर थॉमस स्टीफन्स आणि बालकांची दोत्रीन

आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवी वर्षी आम्हांस एका थोर मिशनऱ्याचे पुण्यस्मरण करावेसे वाटते. रत्नागिरीच्या दक्षिणेस, याच सागरतीरावर, त्यांनी आपले आयुष्य वेचिले आणि बालकांस देवाची ओळख कोणत्या भाषेत करून द्यावी याचा धडा घालून दिला. ते म्हणजे येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स होत.

फादरांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात झाला. त्या काळी त्या देशी कॅथोलिक धर्माचरण संकटाचे झाले होते. ते रोमला गेले व १५७५ साली येशूसंघात प्रविष्ट झाले. १५७९ च्या एप्रिलात लिस्बनहून निघून ते ऑक्टोबरात गोव्यास उतरले. पुढील चाळीस वर्षे बहुतांशी साष्टी प्रांतातील लोकांच्या सेवेत घालवून १६१९ साली त्यांनी गोव्यातच देह ठेविला.

फादर लोकांस शिकविण्यापूर्वी स्वतः लोकांचे शिष्य झाले. कोंकणी त्यांनी इतकी आत्मसात केली की तिचे व्याकरण रचिले. ते १६४० साली छापले गेले. मराठीवर तर त्यांचे निरतिशय प्रेम जडले.

त्यांच्या ख्रिस्तपुराणाच्या आरंभी एक प्रसंग वर्णिला आहे. देवळात मुलांस दोत्रीन शिकविली जात असता एका ब्राह्मण श्रोत्याने गुरूंस विनविले की, आमची जुनी पुराणे तर बंद झाली. मग त्यांच्या जागी आम्हांस नवे पुराण का देऊ नये? नुसती प्रश्नोत्तरे पाठ करून अंतःकरणाची भूक भागत नाही, हेच त्या मागणीचे मर्म होते. फादरांनी ती मानिली. सुमारे अकरा हजार ओव्यांचे ते पुराण १६१६ साली रायतूर येथे रोमी लिपीत छापून निघाले. स्वर्गास त्यांनी वैकुंठ म्हटले आणि प्रभूचे चरित्र लोकांच्या परिचित ओवीत गाइले.

परंतु बालकांस ते विसरले नाहीत. त्यांच्यासाठी संवादरूप दोत्रीन त्यांनी सोप्या कोंकणीत सिद्ध केली. ती त्यांच्या पश्चात १६२२ साली प्रसिद्ध झाली. गाण्यास व श्रवणास मराठी ओवी, समजण्यास घरची बोली, अशी ही योजना होती.

पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने हुकूम काढिला की, लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. तरीही श्रद्धावंतांनी पुराणाच्या हस्तलिखित प्रती जतन केल्या, आणि १९०७ साली मंगळुरास ते पुन्हा छापले गेले.

प्रिय धर्मबंधुभगिनींनो, आज आपल्या मुलांवर कोणी हुकूम लादलेला नाही. तरी पुष्कळ बालके प्रार्थना केवळ घोकतात, तिचा अर्थ त्यांस उमगत नाही. शाळेचे माध्यम कोणतेही असो, गुरुजनांनी एखादी प्रार्थना शिकविताना तिचा अर्थ घरच्या भाषेत सांगावा, मुलांच्या शंका ऐकून घ्याव्यात; आणि आईने वा आजीने निजण्यापूर्वी प्रभूची एक गोष्ट सांगावी. परदेशी जन्मलेल्या एका गुरूने आपल्या भाषेसाठी एवढे श्रम केले; मग आपल्याच लेकरांसाठी आपण रोजची एक घटका देऊ नये काय? बालकांचा मित्र प्रभू येशू आम्हां सर्वांस ती सुबुद्धी देवो.