सिस्टरला धीर देणाऱ्या रमाबाई

मैत्रिणींनो, रुग्णालयात रात्री एखाद्या पेशंटची तब्येत अचानक बिघडते, ते सर्वांत आधी कुणाच्या लक्षात येतं? सिस्टरच्या. श्वास भरभर चालतो, लघवी कमी होते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. पुष्कळदा ही लक्षणं काही तास आधीच दिसतात. पण अपरात्री डॉक्टरांना उठवायचं तर ज्ञानासोबत धीरही लागतो. आपल्याकडच्या बायकांना या कामात उभं करणाऱ्या एक बाई होत्या, रमाबाई रानडे.

१८६२ साली देवराष्ट्रे गावी त्यांचा जन्म झाला. माहेरच्या त्या कुर्लेकर. अकराव्या वर्षी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांशी लग्न झालं, तेव्हा अक्षरओळखही नव्हती. न्यायमूर्ती शिकवू लागले तशा घरातल्या बायका टोमणे मारू लागल्या. रमाबाईंनी उलट उत्तर दिलं नाही नि पाटीही सोडली नाही. पुढे न्यायमूर्तींची बदली आपल्या नाशिकला झाली. रमाबाई पाहुणी म्हणून सभेत पहिल्यांदा बोलल्या त्या इथल्याच शाळेत! भाषण मात्र न्यायमूर्तींनी लिहून दिलेलं.

१९०१ मध्ये न्यायमूर्ती गेले. १९०९ साली गोपाळ कृष्ण देवधरांच्या साथीने रमाबाईंनी पुण्यात सेवासदन उभं केलं. तिथल्या बायका ससून रुग्णालयात नर्सिंग शिकू लागल्या. परक्यांची सेवा करणं तेव्हा कमीपणाचं मानलं जाई, त्यात शिकायला येणाऱ्या कित्येक जणी विधवा. संस्थेच्या एका समारंभात केशवपन केलेली बाई बक्षीस घ्यायला आली, तर कॉलेजच्या मुलांनी हुर्यो केली. रमाबाई संतापल्या. तुमच्या घरी अशी आई-बहीण नाही का, असं त्यांनी भर सभेत विचारलं. या वेळी भाषण कुणी लिहून दिलं नव्हतं!

१९२४ साली रमाबाई गेल्या. आज समाजकार्याच्या निमित्ताने मला नव्या सिस्टर भेटतात. शंका येते, पण खोटी ठरली तर बोलणी बसतील म्हणून जीभ अडते, असं त्या सांगतात. आता श्वास, नाडी, रक्तदाब यांच्या नोंदींना गुण देऊन धोका ओळखायची पद्धत आहे. त्या आकड्यांचा आधार मिळतो. सरावानेही हात बसतो. तरी पाठीशी कुणी वडीलधारं हवंच. आपणही एक करू या. पेशंटजवळ बसलेलो असताना काही वेगळं जाणवलं तर सिस्टरला लगेच सांगू या, आणि तिने डॉक्टरांना बोलावलं तर उगाच घाबरवलं म्हणून तिच्यावर डाफरू नका.