बारावीत ज्याचा नियम घोकला, त्याच माणसामुळे सुगंधी तेलातली भेसळ आणि उसातली साखर एकाच यंत्रावर कळते

देवळाली प्रवरा म्हटलं की ऊस आलाच. राहुरी तालुक्यातलं नगरपालिकेचं गाव, भंडारदऱ्याच्या कालव्याचं पाणी, आणि गाळप हंगामात पारावर एकच विषय: यंदा कारखान्याचा उतारा किती लागला? कारण उसाची एफआरपी साखर उताऱ्यावर ठरते. उतारा घसरला की सोसायटीच्या कर्जापासून पोराच्या फीपर्यंत सगळी गणितं हलतात.

कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट उसाचा रस नितळ करून एका नळीत भरतो, नळी यंत्रात ठेवतो आणि आकडा वाचतो. या आकड्याला कारखान्यात 'पोल' म्हणतात. रसात साखर किती, बगॅसबरोबर वाया किती गेली, मोलॅसिसमध्ये किती राहिली, हे त्यावरून कळतं.

आता मोबाईल उघडा. रील बघता बघता कुणीतरी 'शंभर टक्के शुद्ध' चंदनतेलाची, नाहीतर लव्हेंडर ऑइलची इवलीशी बाटली विकत असतो. बाटलीत खरंच काय आहे, हे तपासायला ती लॅबमध्ये नेली, तर सुरुवातीच्या टेस्टमध्ये जे यंत्र वापरतात ते हेच. पोलरीमीटर.

ऊस आणि अत्तर यांची गाठ घालून देणारा माणूस फ्रेंच होता. नाव जाँ-बाप्तिस्त बिओ. नाव ओळखीचं वाटत नसेल तर बारावीचं फिजिक्स आठवा. 'बायो-सावर्टचा नियम' घोकला होता ना? त्यातला बायो तो हाच. आपण इंग्रजी स्पेलिंग वाचून त्याचा बायो केला, इतकंच.

बिओचा जन्म 21 एप्रिल 1774 चा, पॅरिसचा. वडील सरकारी खजिन्यात नोकरीला. पोरानं व्यापारात पडावं अशी त्यांची इच्छा. म्हणून त्याला ल हाव्र बंदरातल्या एका व्यापाऱ्याकडे कारकुनीला धाडलं. तिथं दिवसभर पत्रांच्या नकला करायच्या. पोरगं असं कंटाळलं की सरळ तोफखान्यात भरती झालं. तेव्हा फ्रान्समध्ये क्रांतीची धामधूम होती. 1793 ची एक लढाई लढून, आजारी पडून स्वारी परत आली आणि शिकायला लागली. एकोल पॉलिटेक्निक ही पुढे जगप्रसिद्ध झालेली संस्था तेव्हा नुकती उघडत होती, तिथल्या पहिल्या विद्यार्थ्यांत बिओ होता. पण 1795 मध्ये सरकारविरोधी उठावात रस्त्यावर उतरला आणि पकडला गेला. गणितज्ञ माँज यांनी शब्द टाकला म्हणून सुटला. नाहीतर ही गोष्ट इथंच संपली असती.

1797 मध्ये तो बोव्हे गावात गणिताचा प्राध्यापक झाला. त्याच वर्षी गाब्रिएल ब्रिसाँशी लग्न झालं. ती सोळा वर्षांची. नवऱ्यानं तिला गणित-विज्ञान शिकवलं, आणि तिनं पुढे जर्मन भाषेतलं फिजिक्सचं आख्खं पुस्तक फ्रेंचमध्ये आणलं. पुस्तकावर नाव मात्र नवऱ्याचं छापलं गेलं. हे आपल्याकडेही नवीन नाही, म्हणून सांगितलं.

पण बिओ खरा कळतो तो 1803 च्या एका प्रकरणात. एप्रिल महिन्यात नॉर्मंडीतल्या लेग्ल गावाजवळ भरदिवसा आकाशातून दगडांचा पाऊस पडल्याची बातमी आली. आकाशातून दगड पडतात हे तेव्हाच्या बऱ्याच विद्वानांना पटत नव्हतं, खेडवळ लोकांच्या भाकडकथा म्हणून ते सोडून देत. सरकारनं चौकशीला 29 वर्षांच्या बिओला पाठवलं. तो थेट गावात गेला नाही. आधी आजूबाजूच्या लांबच्या गावांत, वाटेवरच्या लोकांना विचारत सुटला, की आवाज कुठून आला, कुठल्या दिशेला. मग घटनास्थळी. शेतकरी, बायाबापड्या, पाद्री, सगळ्यांना वेगवेगळं विचारलं. त्या भागात लोखंडाच्या भट्ट्या होत्या, तर तिथल्या खंगरांशी दगड ताडून पाहिले. आसपासच्या लोकांनी जमवलेल्या खनिजांत असला दगड पूर्वी कधी होता का, तेही पाहिलं. नव्हता. दोन-तीन हजार दगड कुठं कुठं पडले याचा नकाशा काढला तर लांबट वर्तुळ तयार झालं. उल्का खऱ्या असतात हे मान्य व्हायला या अहवालानं मोठी मदत केली.

सांगणाऱ्यावर भरवसा नाही आणि अविश्वासही नाही, आधी तपासू. हा त्याचा स्वभाव.

पुढच्याच वर्षी, 24 ऑगस्ट 1804 ला, तो गे-ल्युसॅक या दुसऱ्या शास्त्रज्ञाबरोबर बलूनमध्ये बसून सुमारे 4000 मीटर वर गेला. कशाला? तर वर गेल्यावर पृथ्वीचं चुंबकत्व कमी होतं का, ते बघायला. मग अरागो या दोस्ताबरोबर स्पेनमध्ये पृथ्वीचं मोजमाप. या दोघांचं पुढे इतकं फाटलं की विचारू नका. कारण ठरला प्रकाश.

आता जरा सायन्स. प्रकाशाची लाट सगळ्या दिशांनी थरथरत येते. खिडकीच्या उभ्या गजांमधून दोरी ओवून हलवली तर फक्त वर-खाली होणारी लाट पार जाते, आडवी अडते. काही स्फटिक प्रकाशाचं नेमकं असंच करतात. एकाच पातळीत थरथरणारा प्रकाश बाहेर येतो. समोर दुसरा तसाच स्फटिक आडवा धरला की अंधार. अरागोनं 1811 मध्ये पाहिलं की मधे क्वार्ट्झची चकती ठेवली तर अंधार राहत नाही. बिओ याच विषयात शिरला, दोघांत श्रेयावरून जुंपली, आणि मैत्री संपली.

बिओनं दाखवलं की क्वार्ट्झ प्रकाशाची ती पातळी फिरवतो. काही तुकडे उजवीकडे, काही डावीकडे. इथवर स्फटिकाची रचना हे कारण पटत होतं. पण 1815 मध्ये त्यानं नळीत टर्पेंटाइन भरलं आणि प्रकाश त्यातही फिरला! लिंबाच्या सालीचं तेल घेतलं, फिरला. अल्कोहोलमध्ये विरघळवलेला कापूर, फिरला. साखरेचं पाणी, तेही. द्रवात कसली आली स्फटिकासारखी रचना? म्हणजे फिरवण्याचा गुण त्या पदार्थाच्या बारीक कणातच असणार. मग वाफेतही हा गुण राहतो का, हे बघायला पठ्ठ्यानं एका जुन्या चर्चमध्ये 30 मीटर लांब नळी उभारून तिच्यात टर्पेंटाइनची वाफ सोडली. वाफेनं पेट घेतला, मोजमाप अर्धवट राहिलं. पण प्रकाश फिरतो हे त्याआधी दिसून गेलं होतं.

गंमत म्हणजे प्रकाश म्हणजे नेमकं काय, यावर बिओचं मत साफ चुकीचं ठरलं. तो प्रकाशाला कण मानत होता, फ्रेनेल लाटा मानत होता, आणि जिंकला फ्रेनेल. पण बिओचे आकडे कुणी खोडू शकलं नाही. नळी दुप्पट लांब केली की प्रकाश दुप्पट फिरतो, साखर दुप्पट घातली की दुप्पट फिरतो. नळीची लांबी ठरवून घेतली, की किती अंश फिरला यावरून साखर किती ते सांगता येतं. 1840 च्या सुमारास त्यानं हे तंत्र मधुमेह्यांच्या लघवीतली साखर पकडायलाही सुचवलं. साखर कारखान्यांनी तर ते उचलूनच धरलं. देवळालीच्या उसाचा 'पोल' येतो तो इथून.

तेलांचं काय? त्याचं उत्तर मिळालं 1848 मध्ये. पंचविशीतला लुई पाश्चर सांगत होता की प्रकाश न फिरवणाऱ्या एका आम्लाच्या क्षारात दोन जातींचे स्फटिक मिसळलेले असतात, एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा. बिओ तेव्हा 74 वर्षांचा. त्यानं पोराला बोलावून घेतलं. आम्ल स्वतःच्या कपाटातलं दिलं, डोळ्यांसमोर प्रयोग करायला लावला, द्रावण आपल्याकडेच ठेवून घेतलं, आणि स्फटिक निवडून झाल्यावर शेवटची पाहणी स्वतः केली. प्रकाश डावीकडे फिरला तसं म्हातारा पाश्चरचा हात धरून गहिवरला. लेग्लच्या दगडांच्या वेळचा स्वभाव 45 वर्षांनी तसाच होता.

उजव्या-डाव्या चपलेसारखे हे रेणू. झाड सहसा एकाच पायाच्या चपला जास्त बनवतं. कारखान्यात साधी रासायनिक प्रक्रिया केली तर दोन्ही सारख्या निघतात आणि एकमेकांचा परिणाम मारून टाकतात. आकडा शून्य. म्हणून खऱ्या लव्हेंडर तेलात प्रकाश थोडा डावीकडे फिरतो, पण त्यात स्वस्तातलं कृत्रिम लिनालूल ओतलं की आकडा शून्याकडे सरकतो. संत्र्याच्या सालीचं तेल 100 मिलीमीटरच्या नळीत प्रकाश साधारण 94 ते 99 अंश उजवीकडे फिरवतं. त्यात पाचवा हिस्सा लिक्विड पॅराफिन मिसळलं तर आकडा 77 च्या आसपास येणार. वास तोच, रंग तोच, पण चोरी पकडली.

भेसळवाले काय गप्प बसतात? लिंबाच्या तेलात टर्पेंटाइन घातलं की आकडा पडतो, म्हणून त्यांनी सोबत थोडं संत्र्याचं तेल घालून तो परत वर आणला. मग केमिस्टांनी तेल तापवून पहिला दहावा भाग वेगळा काढायला सुरुवात केली. टर्पेंटाइन आधी उकळतं, त्यामुळं ते त्या पहिल्या भागात सापडायचं.

या धंद्यात आपला खानदेशही होता. नंदुरबारकडच्या डोंगरांतलं रोशा गवत, काही ठिकाणी त्याला तिखाडी म्हणतात, भट्ट्यांवर उकळून त्याचं तेल काढत. गुलाबाशी मिळताजुळता वास. एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानकडे जायचं आणि तिथं महागड्या गुलाब अत्तरात मिसळलं जायचं. युरोपात त्याला तुर्की जिरेनियम तेल म्हणत, म्हणजे आपल्या गवताला पत्ताही दुसऱ्याचा. आणि खुद्द रोशा तेलातही टर्पेंटाइन, खाद्यतेल, रॉकेलसारखी खनिज तेलं पडायची. भेसळीच्या मालातही भेसळ!

इथं पोलरीमीटरची मर्यादाही दिसते. रोशा तेल प्रकाश जेमतेम फिरवतं. गवती चहाच्या तेलातला मुख्य घटक सिट्रल तर फिरवतच नाही. तिथं घनता, अल्कोहोलमधली विद्राव्यता अशा टेस्ट लागतात. आज गॅस क्रोमॅटोग्राफीत तेलाचा एकेक घटक सुटा करून मोजतात. उजव्या-डाव्या चपलाही वेगळ्या मोजता येतात, त्यामुळं नुसता एकूण आकडा जुळवून आणणारा तिथं उघडा पडतो.

घरी काय करता येईल? कोऱ्या कागदावर एक थेंब टाका आणि दिवसभर राहू द्या. पुऱ्या-भज्यांसारखा तेलकट डाग राहिला तर खाद्यतेल मिसळल्याची शंका घ्या. पण चंदन, वाळा अशी जड तेलं हळू उडतात, त्यांचा डाग शुद्ध असूनही बराच वेळ राहतो. आणि डाग न ठेवणारं टर्पेंटाइन या टेस्टमध्ये सहज पास होतं. त्यामुळं महागडं तेल घेत असाल तर विकणाऱ्याकडे त्याच बॅचचा लॅब रिपोर्ट मागा. त्यात 'ऑप्टिकल रोटेशन' अशी एक ओळ असते, पुढे अधिक किंवा उणे चिन्ह आणि अंश. चंदनतेलाला तिथं उणे हवं, साधारण 15 ते 20 अंशांच्या घरात. शून्याच्या आसपास आकडा दिसला तर दुकानदाराला कारण विचारा.

बिओचा शेवटचा काळ दुःखाचा गेला. मुलगा एदुआर आधी इंजिनिअर, मग चिनी भाषेचा जाणकार झाला होता. तो 1850 मध्ये वारला. त्याचं एका प्राचीन चिनी ग्रंथाचं भाषांतर अपुरं राहिलं होतं, ते पंचाहत्तरी ओलांडलेल्या बापानं पुरं करून छापून आणलं. स्वतः बिओ 3 फेब्रुवारी 1862 ला पॅरिसमध्ये गेला, 87 व्या वर्षी. त्याच वर्षी त्याचं आणखी एक पुस्तक बाहेर आलं. विषय होता भारतीय आणि चिनी खगोलशास्त्र.