संशयाचेही तिकीट

लबाड विक्रेता आपल्या मालाविषयीचा संशय दडपून टाकतो, अशी आपली समजूत असते. ही समजूत किती अपुरी आहे, हे अमेरिकेतील विख्यात सर्कसमालक फिनीअस टेलर बार्नम याच्या चरित्रावरून ध्यानात येते.

कनेक्टिकट राज्यातील बेथेल गावी 1810 साली जन्मलेल्या बार्नमने 1835 मध्ये जॉइस हेथ नावाच्या एका अंध, जराजर्जर गुलाम स्त्रीला प्रदर्शनात मांडण्याचा हक्क विकत घेतला. तिचे वय 161 वर्षे असून तिने जॉर्ज वॉशिंग्टनला बालपणी सांभाळले, अशी जाहिरात झाली. लोक लोटले. गर्दी ओसरू लागताच ही बाई खरी नसून रबराचे व स्प्रिंगांचे यंत्र आहे, अशा आशयाचे निनावी पत्र वृत्तपत्रात आले. एकदा पाहून गेलेले प्रेक्षकही खात्री करून घेण्यासाठी परतले. ही युक्ती बार्नमने पुढे आपल्या आत्मचरित्रात स्वतःच सांगितली आहे.

1836 च्या फेब्रुवारीत ती वारली. तिच्या शवविच्छेदनालाही त्याने प्रत्येकी पन्नास सेंटचे तिकीट लावले! तिचे वय 80 हून अधिक नसावे, असा निर्वाळा शल्यवैद्यांनी दिला. खरे तर येथे प्रकरण संपावयास हवे होते. परंतु बार्नमच्या साहाय्यकाने एका संपादकाला गाठून, हेथ जिवंत आहे व ते शव दुसऱ्याच स्त्रीचे होते, अशी हूल उठविली आणि ती छापूनही आली. वादाचा धुरळा उडत राहिला; त्या धुरळ्यात एका असहाय स्त्रीची विटंबना मात्र कोणाच्या डोळ्यांत खुपली नाही. 1842 मध्ये माकडाचे धड व माशाची शेपटी जोडून केलेली ‘मत्स्यकन्या’ त्याने याच रीतीने न्यूयॉर्कमध्ये गाजविली.

आश्चर्य असे, की याच गृहस्थाने 1865 मध्ये जगातील भोंदूगिरीवर ग्रंथ लिहिला आणि 1869 मध्ये मृतात्म्यांची छायाचित्रे काढण्याचा दावा करणाऱ्याविरुद्ध न्यायालयात साक्ष दिली. 1891 साली तो निवर्तला. दर मिनिटाला एक भोळसट जन्माला येतो, हे वचन आजही त्याच्या नावावर खपते. तो तसे बोलल्याचा पुरावा नाही. अफवांवर जगलेला माणूस अखेर एका अफवेतच अमर व्हावा, हा काव्यात्म न्यायच म्हणावयाचा.

तात्पर्य, चमत्कारी औषधाचा वा दामदुप्पट योजनेचा प्रचारक जेव्हा तुम्हीच येऊन खात्री करा, असे मोठ्या मनाने सांगतो, तेव्हा खऱ्याखोट्याचा काथ्याकूट करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: हा वाद चालू राहिल्याने गल्ला कोणाचा भरतो? उत्तर मिळाले, की बहुधा तिकीट काढण्याची गरज उरत नाही.