एका भाकरीची कारभारीण : पंडिता रमाबाई

भस्म-बुधवारापासून पुनरुत्थानाच्या सणापर्यंतचा काळ आपल्यापैकी कित्येक मंडळ्या उपवासकाळ म्हणून पाळतात. या दिवसांत कोणी एक वेळचे जेवण सोडतो, कोणी चहा सोडतो, कोणी तंबाखूची चंची बाजूला ठेवतो. हे सर्व स्तुत्य आहे. परंतु सोडल्याने जे वाचले त्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न आपण स्वतःस क्वचितच विचारतो. वाचलेला पैसा पुन्हा आपल्याच कनवटीस राहिला, तर त्यास काटकसर म्हणावे. उपवास म्हणता येणार नाही.

नेसरीचे नाव घेतले की सेनापती प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा सोबती यांचे स्मरण होते. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत बहलोलखानाच्या सैन्यावर सात वीर चालून गेले व त्यांनी आपले प्राण दिले. ते दान एका घटकेचे होते आणि त्याची कीर्ती अजून टिकून आहे. पण आणखी एका प्रकारचे दान आहे, जे रोज पहाटे उठून थोडे थोडे द्यावे लागते, ज्याचा जमाखर्च ठेवावा लागतो, आणि ज्यात देणाऱ्याचे सारे आयुष्य हळूहळू खर्ची पडते. आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत असे बोलणे अनेकदा कानी पडते की, आम्ही गरीब माणसे, आम्ही काय देणार? देणे हे शहरच्या मोठ्या मंडळीचे काम, आमचे काम घेण्याचे. या बोलण्यास उत्तर म्हणून आम्ही आज पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये असा त्या काळचा दंडक असता त्यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, ती विद्या शिकविली, आणि लक्ष्मीबाईंनी ती आपल्या कन्येस दिली. कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत हिंडे. जे मिळे ते दानधर्मात जाई. ईश्वर प्रसन्न होऊन त्याची भरपाई करील अशी श्रद्धा होती. पुढे दुष्काळ पडला. शिल्लक संपली, भांडी विकली गेली, आणि हे विद्वान कुटुंब रानातील पाल्यावर दिवस काढू लागले. १८७४ मध्ये अनंतशास्त्री गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आई अंथरुणास खिळली. भुकेने व्याकूळ झालेल्या मातेने भाकरीचा तुकडा मागितला. घरात कण नव्हता. ज्या मुलीस हजारो श्लोक मुखोद्गत होते ती शेजारच्या एका ब्राह्मण बाईच्या दारी जाऊन उभी राहिली. पण लाजेने तिच्या तोंडून शब्द फुटेना, डोळ्यांतून पाणी मात्र वाहू लागले. त्या बाईने बाजरीच्या भाकरीचा तुकडा तिच्या हाती दिला. रमा तो घेऊन आईकडे आली. परंतु आईस तापात तो खाववेना, आणि लवकरच तिने प्राण सोडला. बहीणही गेली. उरलेली दोघे भावंडे, रमा आणि श्रीनिवास, हिंदुस्थानभर पायी हिंडली व १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीही पटकीने गेले. चोविसाव्या वर्षी पदरी लहान मूल घेऊन ही विधवा पुण्यास आली.

भाकरीचा तो तुकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. रमाबाईंच्या पुढील साऱ्या कार्याचे मूळ तेथे आहे असे आम्हास वाटते.

पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. पुढे वैद्यकी शिकावी या हेतूने १८८३ मध्ये त्या इंग्लंडास निघाल्या. प्रवासखर्च त्यांनी कोणाकडे मागितला नाही. स्वतः लिहिलेल्या स्त्रीधर्मनीति या पुस्तकाच्या विक्रीतून तो उभा केला. वाँटेज या गावी अँग्लिकन मंडळीच्या भगिनींचा एक आश्रम आहे, तेथे त्या राहिल्या. त्यांच्याकडून इंग्रजी शिकावे आणि मोबदल्यात त्यांस मराठी शिकवावे, असा रिवाज त्यांनी ठेवला. कानांस कमी ऐकू येत असल्यामुळे वैद्यकीचा बेत सोडावा लागला.

याच भगिनींनी त्यांस लंडनजवळील फुलहॅम येथे चालविलेल्या एका घरात नेले. ज्या स्त्रियांस समाजाने पतित म्हणून टाकून दिले होते, त्यांस तेथे आश्रय मिळे, काम मिळे, आणि बऱ्या झालेल्या स्त्रिया इतरांची शुश्रूषा करीत. अशा स्त्रियांवर कोणी इतकी दया करील, हे बाईंनी पूर्वी कधी पाहिले नव्हते. या दयेचे कारण काय, असे विचारता भगिनींनी त्यांस विहिरीवरील शोमरोनी स्त्रीची व प्रभू येशूची गोष्ट सांगितली. ती गोष्ट त्यांच्या अंतःकरणास भिडली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. येथे ध्यानात घेण्यासारखे हे की, वादात ज्या हार मानणाऱ्या नव्हत्या, त्या पंडितेस एका मंडळीच्या औदार्याने प्रभूकडे ओढून नेले. पुढेही मतांच्या बाबतीत त्यांनी भगिनींशी स्पष्टपणे वाद घातला. कोणाच्या आज्ञेने विश्वास ठेवणे त्यांस मान्य नव्हते. परंतु फुलहॅमला जे पाहिले ते त्या कधी विसरल्या नाहीत.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास त्या अमेरिकेस गेल्या व तेथे जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी १८८७ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिले. ठिकठिकाणी व्याख्याने दिली. त्याच वर्षी बोस्टन येथे त्यांच्या नावाने एक मंडळ स्थापन झाले आणि विधवांच्या शाळेस दहा वर्षे मदत देण्याचे वचन त्या मंडळाने दिले. तेथील सामान्य लोकांनी थोडे थोडे देऊन हा निधी उभा केला होता. मंडळाचे वार्षिक अहवाल छापून निघत आणि त्यांत जमाखर्च दिलेला असे.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. त्या वर्षी भस्म-बुधवार ६ मार्चला होता. म्हणजे उपवासकाळातील पहिल्या रविवारानंतरचा तो सोमवार होय. बाईंनी तो मुहूर्त हेतुतः धरला असे आम्ही म्हणत नाही. पण त्या काळाशी त्यांचे कार्य चांगले जुळते. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. १८९० मध्ये सदन पुण्यास आले. १८९३ मध्ये मुली बाईंच्या प्रार्थनेस बसतात यावरून मोठा गवगवा झाला, सल्लागार मंडळातील थोर गृहस्थांनी राजीनामे दिले, व बऱ्याच मुली काढून नेण्यात आल्या. बाई डगमगल्या नाहीत. आपली प्रार्थनेची खोली त्यांनी बंद केली नाही, आणि सदनही बंद केले नाही.

आता त्यांच्या कारभारीपणाची खरी गोष्ट येते. दहा वर्षांचे वचन १८९८ मध्ये संपणार होते. उद्या अमेरिकेतून पैसा आला नाही तर मुलींनी काय खावे? हा विचार करून त्यांनी पुण्याच्या पूर्वेस सोलापूरच्या रेल्वेमार्गावर केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली. माळरानाची ती जमीन. तेथे विहिरी खणल्या, आंबे व संत्री लावली, की त्यांच्या उत्पन्नावर सदन चालावे. मिळालेले दान खाऊन न संपविता त्याचे बी पेरणारी ही दृष्टी होय. शेतकरी वाचकांस ती अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

इतक्यात १८९६ मध्ये मध्यप्रांतात भयंकर दुष्काळ पडला. मुली अन्नासाठी विकल्या जात होत्या, मरत होत्या, दुष्टांच्या हाती सापडत होत्या. बाईंजवळ शिल्लक पैसा नव्हता. आहे त्या मुलींचेच पोट भरण्याची काळजी होती. त्या प्रथम कचरल्या. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. परंतु वीस वर्षांपूर्वीची आपली उपासमार त्यांस आठवली आणि त्यांस घरी स्वस्थ बसवेना. त्या मध्यप्रांतात गेल्या, दुष्काळी छावण्या हिंडल्या, आणि तीनशे मुली वाचविण्याचा त्यांनी निश्चय केला. मुलींचे जथे येऊ लागले. इकडे पुण्यात प्लेग सुरू झालेला, म्हणून नव्या मुलींस शहरात ठेवण्याची मनाई झाली. तेव्हा केडगावच्या शेतात झोपड्या बांधून त्यांस ठेवले. बागेसाठी घेतलेली जमीन अशा रीतीने माणसांसाठी उपयोगी पडली. तिचे नाव मुक्ती. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा तेथूनही शेकडो मुली आल्या, आणि मुक्तीतील माणसांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

एवढ्या माणसांचा संसार कसा चालला? जॉर्ज म्यूलर, हडसन टेलर आदि देवभक्तांची चरित्रे बाईंनी वाचली होती, आणि प्रार्थनेवर भिस्त ठेवून चालण्याचा त्यांनी निश्चय केला होता. परंतु प्रार्थना म्हणजे हात जोडून बसणे, असा अर्थ त्यांनी कधी केला नाही. मुक्तीत जी येई तिला काम असे. कोणी शेतात राबे, कोणी मागावर विणी, कोणी घाण्यावर तेल काढी, कोणी दळणकांडण, स्वयंपाक, शिवण पाही, कोणी छापखान्यात खिळे जुळवी. कृपासदनात टाकलेल्या स्त्रियांस आसरा होता. फुलहॅमला जे पाहिले त्याचे ते मराठी रूप होय. अंध स्त्रियांसही शिक्षण व हातकाम दिले जाई. जिला काल भाकरी मिळाली, ती आज दुसरीसाठी भाकरी थापीत असे. घेणारी आणि देणारी असे दोन वर्ग बाईंनी होऊ दिले नाहीत. स्वतः त्या पांढरे साधे लुगडे नेसत आणि साधे अन्न खात.

आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी पवित्र शास्त्राचे सोपे मराठी भाषांतर करण्यात घालविली. खेड्यातील अल्पशिक्षित बाईस समजावे म्हणून त्यांनी इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला, आणि ते शास्त्र मुक्तीच्याच छापखान्यात स्त्रियांच्या हातांनी छापले गेले. २४ जुलै १९२१ रोजी एकुलती एक कन्या, कार्यातील उजवा हात, मनोरमाबाई मृत्यू पावली. मातेने तो घाव सोसून काम चालू ठेवले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूच्या विसाव्यात गेल्या. तो दिवस बुधवार होता, आणि उपवासकाळ चालू होता. पुनरुत्थानाचा रविवार १६ एप्रिलला होता. शारदा सदन उघडल्यापासून तेहतीस वर्षे झाली होती. मुक्तीचे काम केडगावी आजही चालू आहे.

वाचकहो, या चरित्रातून आपण काय घ्यावे?

पहिले हे की, गरिबी ही देण्यापासून सुटका नव्हे. बाईंनी देण्यास आरंभ केला तो संपत्ती आली म्हणून नव्हे, तर भुकेची आठवण होती म्हणून. ज्याने भूक पाहिली आहे त्यास दुसऱ्याची भूक लवकर कळते; या बाबतीत आपल्या खेड्यांतील मंडळ्या शहरच्या मंडळ्यांहून श्रीमंत आहेत. मंदिरातील पेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेस प्रभूने कोणत्या पंक्तीस बसविले, हे आपणास ठाऊकच आहे.

दुसरे, कारभारी हा मालक नव्हे. शेतातील पीक, घरातील दुभते, अंगातील बळ, मुलास मिळालेली नोकरी, हे सर्व धन्याचे असून आपल्या हवाली केलेले आहे. म्हणून त्याचा हिशेब पाहिजे. ज्या मंडळीत वर्गणीचा जमाखर्च उघडपणे वाचला जातो, तेथे कुरकुर कमी होते आणि देणाऱ्याचा हात सैल होतो. पंचांनी व उपदेशकांनी हे मनावर घ्यावे, आणि देण्याचा आरंभ आपल्या घरापासून करावा.

तिसरे, दान आपल्या भिंतीबाहेर गेले पाहिजे. त्या ब्राह्मण बाईने दारी आलेल्या अनोळखी मुलीस भाकरी दिली, तेव्हा तिचे पुढे काय होणार हे तिला ठाऊक नव्हते. बाईंनीही दुष्काळातील मुलींची जात पुसली नाही.

आम्ही एवढेच सुचवितो. या उपवासकाळात प्रत्येक घराने चुलीजवळ एक मडके ठेवावे. स्वयंपाकास तांदूळ अगर नाचणी काढताना त्यातून एक मूठ मडक्यात टाकावी. जो चहा सोडील त्याने चहाचे पैसे, जो तंबाखू सोडील त्याने तंबाखूचे पैसे त्याच ठिकाणी ठेवावेत. पुनरुत्थानाच्या रविवारी ती मडकी उपासनेत आणावीत, सर्वांसमक्ष मोजदाद करावी, आणि गावातील एखादी निराधार म्हातारी, आजाराने खचलेला एखादा मजूर, आईबाप नसलेले एखादे लेकरू यांच्या घरी ते पोहोचवावे. मग ते घर आपल्या मंडळीतील असो वा नसो. देताना उपकाराची भाषा नको. आपण सर्व कोणाच्या तरी भाकरीवर जगलो आहो, आणि जीवनाची भाकर तर आपणास फुकटच मिळाली आहे.

प्रभू आपल्या मुठी उघडो, आणि आपल्या मंडळ्यांस विश्वासू कारभारी करो.