पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई (२३ एप्रिल १८५८ – ५ एप्रिल १९२२) या संस्कृत विदुषी, समाजसुधारक आणि स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या होत्या. श्रवणदोषामुळे त्यांचा वैद्यकीय शिक्षणाचा मार्ग बंद झाला. पुढे त्यांच्याच संस्थेत अंध मुलींच्या शिक्षणाची सोय झाली.

पूर्वायुष्य

वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकविरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवले. रमाबाईंचे शिक्षण आईकडे झाले. १८७८ मध्ये कलकत्त्यात त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधवी यांचे निधन झाल्यावर त्या कन्या मनोरमा हिच्यासह पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. हंटर आयोगापुढील साक्षीत त्यांनी स्त्री-डॉक्टरांची निकड मांडली.

श्रवणदोष व शिक्षण

स्वतः डॉक्टर व्हावे या हेतूने रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. मात्र बहिरेपण वाढत गेल्याने त्यांना वैद्यकीय अभ्यासक्रमात प्रवेश मिळाला नाही. कर्णबधिर विद्यार्थ्यासाठी अध्यापनाची रीत बदलण्याची सक्ती करणारा कायदा त्या काळी नव्हता. त्यांनी चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात इतर विषयांचा अभ्यास केला आणि तेथेच संस्कृतचे अध्यापनही केले. ज्ञानार्जन थांबले नाही. उत्तरायुष्यात हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबलचा मराठी अनुवाद पूर्ण केला.

केडगाव येथील कार्य

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढे पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्ती मिशन उभे राहिले. दुष्काळात निराधार झालेल्या अनेक स्त्रिया व मुलींना तेथे आश्रय मिळाला. त्यांतील अंध मुलींसाठी मनोरमाबाईंनी ब्रेल शिकून वर्ग चालवले. डोळ्यांऐवजी बोटांनी वाचता येते, एवढा बदल मान्य होताच या मुलींना अक्षरज्ञान शक्य झाले. मनोरमाबाईंचे १९२१ मध्ये व रमाबाईंचे पुढील वर्षी केडगाव येथे निधन झाले.

नंतरचा काळ

रमाबाईंना ज्या सोयी मिळाल्या नाहीत, त्यांना भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने कायद्याचा आधार दिला. त्यात शैक्षणिक संस्थांनी विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोयी पुरवणे, सांकेतिक भाषा व ब्रेलचा वापर, परीक्षेत लेखनिक व जादा वेळ यांची तरतूद आहे. शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत.