२ मे १८४८ : राघोजी भांगरे



२ मे म्हणजे उन्हाळ्याच्या सुटींतील एक दिवस, एवढेंच आपणांस ठाऊक असतें. परंतु भंडारदऱ्याच्या परिसरांतील मुलांनीं तरी त्या दिवशीं एका पुरुषाचें स्मरण करावें. १८४८ सालीं ह्याच दिवशीं ठाण्याच्या तुरुंगांत राघोजी भांगरे यांस फांशी देण्यांत आलें.

राघोजींचा जन्म १८०५ सालीं अकोले तालुक्यांतील देवगांवीं महादेव कोळी समाजांत झाला. डोंगरी किल्ल्यांची राखण हा त्यांच्या ज्ञातिबांधवांचा पिढीजात व्यवसाय. १८१८ सालीं पेशवाई बुडाली. इंग्रजांनीं किल्ल्यांवरील शिबंदी मोडली, व पुष्कळांची मिळकत गेली. पोटासाठीं कर्ज काढावें, तर सावकाराच्या वहींत नांव चढे आणि शेत हातचें जाई. राघोजींचे वडील रामजी यांनीं पूर्वींच ह्या अन्यायाविरुद्ध बंड केलें होतें. १८४४ च्या सुमारास बापू भांगरे यांच्या साथीनें राघोजींनींही तोच मार्ग धरला.

नगर व नाशिक जिल्ह्यांतील डोंगरांत ह्या बंडानें सरकारची झोंप उडविली. राघोजींच्या लोकांनीं सावकारांवर छापे घातले व कित्येकांचीं नाकें कापलीं. ही गोष्ट मी आपणांपासून लपवीत नाहीं, व तिची भलावणही करीत नाहीं. परंतु ज्याची दाद कोठेंच लागत नाहीं, तो मनुष्य अखेर कोणत्या थरास जातो, हें सुज्ञ राज्यकर्त्यानें वेळींच ओळखावयास हवें होतें. १८४५ सालीं बापू पकडले गेले. राघोजी मात्र दऱ्याखोऱ्यांतून निसटत राहिले, कारण गरीब लोकांनीं त्यांस आसरा दिला. अखेर २ जानेवारी १८४८ रोजीं पंढरपुरीं यात्रेकरूंच्या मेळ्यांत लेफ्टनंट गेल यानें त्यांस पकडलें. आणि चारच महिन्यांनीं त्यांचा शेवट झाला.

पुढें ह्याच खोऱ्यांत प्रवरा नदीवर धरण झालें. १० डिसेंबर १९२६ रोजीं गव्हर्नर विल्सन यांनीं त्याचें उद्घाटन केलें. धरणास विल्सनसाहेबांचें, तर जलाशयास आर्थर हिल यांचें नांव पडलें. ज्याच्या भूमींत हें पाणी सांठलें, त्याचें नांव मात्र कोठें नव्हतें. आतां त्या जलाशयास राघोजींचें नांव देण्यांत आलें आहे.

पालकहो, सहलीस मुलांना तेथें नेलें, तर पाण्याची खोली सांगतांना ही हकीकतही सांगावी.