मार्टिन ल्यूथर किंग यांना घडवणारे प्राचार्य: कोण होते बेंजामिन मेज?

साल 1898. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनात कृष्णवर्णीयांनी मतदान करू नये म्हणून गोऱ्यांच्या टोळ्या फिरत होत्या. अशाच एका टोळीने एका शेतकऱ्याला अडवलं, टोपी काढून पुन्हा पुन्हा वाकायला लावलं. सोबत त्याचा चार वर्षांचा मुलगा होता. तोच बेंजामिन मेज.

मेज यांचे आईवडील गुलामगिरीत जन्मलेले. आठ मुलांचं हे कुटुंब दुसऱ्याच्या जमिनीवर राबायचं. मुलाने जास्त शिकावं हे वडिलांना पटत नव्हतं. तरीही मेज 1920 मध्ये बेट्स कॉलेजचे पदवीधर झाले आणि 1935 मध्ये त्यांनी शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली.

भारतात काय घडलं?

1936-37 च्या हिवाळ्यात ते एका परिषदेसाठी भारतात आले. या दौऱ्यात त्यांनी वर्ध्याला गांधीजींशी अहिंसेवर चर्चा केली. म्हैसूरजवळच्या एका गावात दलित मुलांच्या शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख अमेरिकेतले अस्पृश्य अशी करून दिली. मेज आधी चिडले. मग लक्षात आलं, की आपल्या देशात आपली जागा तीच आहे.

मोअरहाउसची 27 वर्षं

1940 मध्ये ते अटलांटाच्या मोअरहाउस कॉलेजचे अध्यक्ष, म्हणजे आपल्याकडचे प्राचार्य झाले. कृष्णवर्णीय मुलांचं हे लिबरल आर्ट्स कॉलेज पैशांच्या चणचणीत होतं. मेज फी इतक्या कडकपणे वसूल करायचे, की मुलांनी त्यांचं नाव 'बक बेनी' ठेवलं. बक म्हणजे डॉलर.

महायुद्धामुळे विद्यार्थी घटले, तेव्हा कॉलेजने लहान वयाच्या मुलांनाही प्रवेश दिला. त्यामुळेच 1944 मध्ये 15 वर्षांचे मार्टिन ल्यूथर किंग इथे आले. मेज दर मंगळवारी मुलांशी बोलत. त्यांचा मुद्दा साधा होता: बसमध्ये मागे बसण्याची सक्ती असेल, पण कृष्णवर्णीयांना वेगळं बसवणाऱ्या थिएटरात स्वतःहून जाण्याची सक्ती कुणी केलेली नाही.

1956 मध्ये माँटगोमेरीच्या बस बहिष्कारात किंग यांना अटक होणार हे दिसत होतं. वडिलांनी त्यांना अटलांटातच थांबवण्यासाठी वडीलधाऱ्यांना घरी बोलावलं. किंग यांनी परत जायचं ठरवलं आणि मेज त्यांच्या बाजूने उभे राहिले.

मेज 1967 मध्ये निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी, 9 एप्रिलला, मोअरहाउसच्याच आवारात त्यांना आपल्या विद्यार्थ्याला निरोप देणारं भाषण करावं लागलं.

पण ते घरी बसले नाहीत. 1970 ते 1981 ते अटलांटाच्या शिक्षण मंडळाचे अध्यक्ष होते. या पदावरचे ते पहिले कृष्णवर्णीय. 1984 मध्ये त्यांचं निधन झालं.